दोरीची दोन्ही टोके: बेटावरच्या कड्यांवर निघालेल्या जोडप्यांसाठी

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर–अमरावती महामार्गावरचे संत्र्याच्या बागांचे गाव. समुद्र इथून फार दूर, आणि सह्याद्रीचे कडे गाठायचे तर एक रात्र प्रवासात जाते. तरीही इथल्या एखाद्या जोडप्याने पाठीवर सॅक घेऊन दूरच्या बेटांवर जावे, समुद्रातून उभ्या राहिलेल्या चुनखडीच्या कड्यांवर दोरी लावून चढावे, ही इच्छा आज आवाक्यातली आहे. विमाने आहेत, शिकवणाऱ्या संस्था आहेत, साहित्य देशात मिळते. प्रश्न तयारीचा आहे, आणि जोडप्याच्या बाबतीत या तयारीला एक वेगळी बाजू आहे.

प्रस्तरारोहणात दोरीला दोन टोके असतात. एका टोकाला चढणारा, दुसऱ्या टोकाला बिले देणारा, म्हणजे दोरी सांभाळून पडणाऱ्याला थांबवणारा. नवरा-बायको किंवा लग्न ठरलेली जोडी एकत्र निघाली की बहुतेक वेळा एक घडी आपोआप बसते: तो शिकतो आणि चढतो, ती सोबत येते आणि दोरी धरते. क्वचित उलटही असते. ही घडी धोक्याची आहे. जिला फक्त दोरी धरता येते, तिला वर काही अडले तर काय करायचे ते कळत नाही. ज्याला फक्त चढता येते, त्याला खालच्या माणसाची अडचण कळत नाही. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: दोघांनीही सगळे शिकायचे. जे एकाला येते ते दुसऱ्यालाही आले पाहिजे. प्रेमामुळे माणूस डोळे मिटून विश्वास टाकतो. कड्यावर मात्र डोळे उघडे ठेवून, एकमेकांच्या गाठी तपासून विश्वास टाकावा लागतो.

पहिला हिवाळा शिकण्यासाठी

बेटाचे तिकीट काढण्याआधी एक पूर्ण हिवाळा शिकण्यासाठी ठेवा. महाराष्ट्रात प्रस्तरारोहण शिकवण्याची जुनी परंपरा आहे. मुंबईची गिरिविहार ही संस्था 1954 पासूनची. पुण्यात गिरिप्रेमी आणि तिच्याशी जोडलेली गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग आहे. ज्यांना महिनाभर वेळ काढता येतो त्यांच्यासाठी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. खासगी आयोजकाकडे जाणार असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी आहे का, हे विचारा. प्रशिक्षक कुठे शिकला, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, अपघात झाला तर सुटकेची व्यवस्था काय, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. चांगला आयोजक अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

सह्याद्रीत शिकलेल्याला एक फायदा मिळतो. आपला काळा कातळ दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थरांचा आहे, जागोजागी सुटा आहे. हाताखालचा प्रत्येक दगड ठोकून बघायची आणि हेल्मेट न काढायची सवय इथे लागते. ती पुढे जगात कुठेही उपयोगी पडते.

त्यानंतर बदामीला जा. बागलकोट जिल्ह्यातले हे गाव चालुक्यांच्या लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण भारतातल्या क्लायंबरांसाठी ते बोल्ट मारलेल्या मार्गांचे मोठे केंद्र आहे. सोलापूरहून गदगकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बदामी स्थानक लागते. वर्ध्याहून आधी सोलापूर गाठायचे आणि तिथून पुढची गाडी धरायची. बदामीचा दगड वालुकाश्म आहे. पाऊस पडून गेल्यावर तो आतून ओला आणि ठिसूळ राहतो, त्यामुळे पूर्ण सुकेपर्यंत चढू नका. लेणी, मंदिरे आणि किल्ल्याच्या भिंतींवर चढणे कायद्याने गुन्हा आहे. क्लायंबिंगच्या जागा वेगळ्या आहेत, त्या स्थानिक मार्गदर्शकाकडून समजून घ्या.

पहिला हिवाळा संपताना पुढची यादी समोर ठेवा आणि दोघांनी वेगवेगळी परीक्षा द्या. प्रत्येक गोष्ट दोघांना, न विचारता, न अडखळता आली पाहिजे.

- हार्नेस नीट चढवणे, आठाची गाठ मारणे आणि समोरच्याची गाठ डोळ्यांनी तपासणे.
- वरून दोरी असताना आणि समोरचा लीड चढत असताना, म्हणजे दोरी खालून घेऊन पुढे जात असताना, दोन्ही प्रकारे बिले देणे.
- लीड चढणे, बोल्टला लावलेल्या क्विकड्रॉत (दोन कॅराबिनर जोडलेल्या पट्टीत) दोरी योग्य बाजूने अडकवणे, पडायची वेळ आली तर दोरी पायामागे नाही ना हे बघणे.
- वरच्या अँकरवर स्वतःला अडकवून घेऊन दोरी रिंगमधून ओवणे आणि उतरणे. क्लायंबर याला अँकर क्लीन करणे म्हणतात, आणि नवशिक्यांच्या चुका इथेच जास्त होतात.
- प्रुसिकची गाठ लावून रॅपल करणे, म्हणजे स्वतःच दोरीवरून उतरणे.
- जोडीदार जखमी होऊन दोरीवर लटकला असेल तर बिलेचे उपकरण बांधून ठेवून आपले दोन्ही हात मोकळे करून घेणे.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण टाळतात. दोघेच गेलेल्या जोडप्याला तो टाळता येत नाही, कारण तिसरा माणूस जवळ असेलच असे नाही.

घरी करायची तयारीही आहे. सकाळी वावराच्या बांधावरून सॅकमध्ये दहा किलो वजन घेऊन तासभर चाला. दाराच्या चौकटीला पक्का रॉड बसवून लटकण्याचा आणि स्वतःला वर ओढण्याचा सराव करा, पण बोटांवर घाईने भार देऊ नका. स्नायू महिन्यांत तयार होतात, बोटांच्या कंडरांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. पोहायला दोघांनीही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली तलावात शिका. विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात आपले आपण नको. चालण्याच्या सरावासाठी जंगलात शिरू नका. बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे आणि वन्यप्राणी प्रकल्पाची सीमा पाळत नाहीत.

वजनातला फरक

जोडप्यांमध्ये वजनाचा फरक सहसा असतोच, आणि दोरीवर तो लगेच जाणवतो. समजा तो पंचाहत्तर किलोचा आणि ती पन्नास किलोची आहे. तो लीड करताना पडला तर ती जमिनीवरून उचलली जाऊन भिंतीकडे किंवा पहिल्या क्विकड्रॉपर्यंत ओढली जाते. त्या धक्क्यात हात सुटला तर दोघेही संकटात. म्हणून दहा किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर ग्रिग्रीसारखे, दोरीला स्वतः पकडायला मदत करणारे उपकरण वापरा, आणि ते वापरतानाही ब्रेकचा हात दोरीवरून कधी काढू नका. पहिल्या बोल्टमध्ये लावायचे ओहमसारखे घर्षण वाढवणारे साधन खास याच कामासाठी असते. बिले देणाऱ्याने भिंतीच्या जवळ, पहिल्या बोल्टच्या जरा बाजूला उभे राहावे. भिंतीपासून लांब उभे राहिलात तर तितके जोरात ओढले जाल.

उलट बाजूही लक्षात घ्या. ती चढत असेल आणि जड माणूस खाली दगडासारखा रोवून उभा असेल, तर ती पडताना दोरी झटक्यात थांबते आणि ती जोरात भिंतीवर आपटते. घोटे मोडण्याचे हे एक कारण आहे. जड बिलेअरने धक्का बसताना गुडघे सैल ठेवून किंचित वर उचलले जायला शिकावे. हे प्रशिक्षकासमोर, सुरक्षित उंचीवर, ठरवून पडून शिकायचे असते.

हाका आणि नावे

आपल्याकडे अनेक घरांत अजूनही बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. कड्याखाली मात्र ते घ्यावे लागेल. गजबजलेल्या भिंतीवर एकाच वेळी चार-सहा दोऱ्या लागलेल्या असतात, वेगवेगळ्या भाषांतल्या हाका येत असतात. नुसते ‘अहो’ किंवा ‘ए’ ऐकून भलताच माणूस दोरी सोडू शकतो. प्रत्येक हाकेआधी नाव, मग एकच ठरलेला शब्द. ‘टाइट’, ‘स्लॅक’, ‘खाली घे’, ‘दगड’ असे मोजके शब्द घरीच ठरवा आणि दर वेळी तेच वापरा.

सगळ्यात महत्त्वाचा करार जमिनीवर असतानाच करायचा: वर पोहोचल्यावर मी तुझ्या बिलेवर खाली येणार की स्वतः रॅपल करणार? वरचा माणूस समजतो की खालचा त्याला धरून आहे, खालचा समजतो की वरचा आता रॅपल करेल आणि तो दोरी उपकरणातून काढून टाकतो. जगभर या एका गैरसमजातून माणसे गेली आहेत. उत्तर ठरल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलू नका. वर गेल्यावर बेत बदलायचा नाही. बदलावाच लागला तर हाकेला स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत दोरीवर भार द्यायचा नाही.

दर चढाईआधी दोघांनी एकमेकांची तपासणी करायची: हार्नेसचे बक्कल, गाठ, उपकरणातून दोरी योग्य दिशेने गेली आहे का, कॅराबिनर लॉक आहे का, हेल्मेट, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का. शेवटची गाठ विसरली तर उतरवताना दोरी कमी पडून टोक उपकरणातून निसटते आणि माणूस खाली पडतो. दहा वर्षांचा संसार असो की दहा दिवसांचा, ही तपासणी सोडायची नाही.

आणि नकार. सकाळी उठल्यावर किंवा अर्ध्या भिंतीवर दोघांपैकी कुणीही ‘आज नको’ म्हटले की त्या दिवसाची चढाई संपली. कारण विचारायचे नाही, समजूत घालायची नाही, रुसायचे नाही. ‘एवढे पैसे घालून आलो’ हे वाक्य त्या वेळी तोंडातून निघता कामा नये. भीती, पाळीचा त्रास, झोप न होणे, मनाची अस्वस्थता, यातले काहीही पुरेसे कारण आहे. जोडप्याने हा नियम निघण्यापूर्वीच मान्य केला असेल तर कड्याखाली वाद होत नाहीत.

कोणते बेट

थेट परदेशी बेट गाठण्याआधी समुद्राची ओळख करून घ्या, कारण आपला सराव कोरड्या मुलखातला आहे. मालवणला चार दिवस काढा, सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जा, दमट हवेत ओझे घेऊन चाला. होडी लागते का, घामोळे येते का, ओल्या कपड्यांत पाय सोलतात का, हे स्वस्तात आणि देशातच कळते. किल्ल्याच्या तटावर चढाई अर्थातच नाही.

पुढचा टप्पा अंदमान. सेवाग्राम स्थानकावरून चेन्नईकडे गाड्या मिळतात, तिथून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. अंदमानात दोरी लावून चढण्याची प्रस्थापित जागा नाही, पण सॅक घेऊन बेटाबेटांवर फिरण्यासाठी तो उत्तम प्रदेश आहे. फेरीने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, आणि उत्तरेला दिगलीपूरजवळ 732 मीटर उंचीचे सॅडल पीक, अंदमानातले सर्वोच्च शिखर. त्याची वाट घनदाट, दमट जंगलातून जाते. वनखात्याकडे नोंद करून, स्थानिक वाटाड्या घेऊन पहाटे निघा. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे इशारे जिथे लावले असतील तिथे पाण्यात पाय घालू नका. आदिवासींच्या राखीव क्षेत्रांना 1956 च्या कायद्याचे संरक्षण आहे. तिथे जाण्याचा, छायाचित्रे घेण्याचा विचारही नको.

चढाईसाठी खरे ठिकाण थायलंडमधले क्राबी. तिथली रेले आणि टोन्साय ही जागा नकाशावर मुख्य भूमीला जोडलेली आहे, पण उभ्या कड्यांनी ती अशी तोडली आहे की रस्ता नाहीच. आओ नांगच्या किनाऱ्यावरून लांब शेपटीच्या होडीने सुमारे पंधरा मिनिटांत पोहोचता येते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे क्लायंबर येत आहेत आणि आज शेकडो मार्ग आहेत. दगड पर्मियन काळातला चुनखडीचा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. सह्याद्रीत आपण बारीक कडांवर बोटे टेकून चढतो. इथे भिंतीवरून खांबांसारखे लवणस्तंभ लोंबतात, मोठी भोके आणि फुगवटे असतात, आणि चढताना सगळे अंग वळवावे लागते. नवशिक्यांसाठी पूर्व रेलेवरची वन-टू-थ्री वॉल आणि तिच्या शेजारची मॉय थाय वॉल योग्य. पहिले दोन दिवस स्थानिक क्लायंबिंग स्कूलचा मार्गदर्शक घ्या, तुमचा स्तर कितीही असो. कोणत्या भिंतीवर कधी सावली येते, भरती कधी, कोणता अँकर बदलायला झाला आहे, हे त्याला ठाऊक असते. थायवंड वॉल किंवा टोन्सायची ह्युमॅनॅलिटी असे अनेक टप्प्यांचे मार्ग पुढच्या खेपेसाठी ठेवा.

गर्दी नको असेल तर फांग न्गा उपसागरातले को याओ नोई हे खरेखुरे बेट आहे. तिथेही चढाईच्या भिंती आहेत. वस्ती मुख्यतः मुस्लिम मच्छीमारांची, म्हणून किनारा सोडून गावात शिरताना अंगभर कपडे घाला. व्हिएतनाममधले कॅट बा हे बेट जवळपास वर्ध्याच्याच अक्षांशावर आहे. लान हा नावाच्या उपसागरातल्या कड्यांवर दोरीशिवाय चढून थेट समुद्रात पडायचा प्रकार तिथे लोकप्रिय आहे. पाण्यावर उंचावरून चुकीचे पडले तर कणा मोडू शकतो. भरतीची वेळ आणि खालची खोली माहीत असलेल्या मार्गदर्शकाशिवाय तो प्रकार करू नका, आणि पहिल्या सहलीत तर नकोच.

केव्हा निघायचे

अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे क्राबी आणि को याओ नोईला, नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो, होड्या अनिश्चित होतात आणि समुद्र खवळतो.

कारंज्यात हे गणित बागेशी जुळवावे लागते. आंबिया बहार घेणाऱ्यांचा तोडा हिवाळ्यात, साधारण जानेवारीपर्यंत आटोपतो. त्यांना फेब्रुवारी मोकळा. मृग बहार घेणाऱ्यांचा माल फेब्रुवारीपासून पुढे निघतो, त्यांनी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर धरावा, पण कापसाची वेचणी घरी कोण बघणार ते आधी ठरवून. नोकरी असणाऱ्यांनी नाताळ आणि नववर्षाचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत खोल्या महाग असतात आणि भिंतींवर रांगा लागतात. एकूण बारा ते चौदा दिवस काढा. सलग दोन दिवस चढून तिसऱ्या दिवशी विश्रांती घेतली तर बोटांची कातडी टिकते आणि चित्तही थाऱ्यावर राहते.

समुद्राकाठचा बोल्ट

हा भाग नीट वाचा, कारण सह्याद्रीत शिकलेल्या माणसाला तो सहसा माहीत नसतो. कड्यात बसवलेल्या बोल्टवर आपला जीव असतो. आपल्याकडे चांगला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट दिसला की निश्चिंत व्हायला हरकत नसते. उष्ण समुद्राकाठच्या चुनखडीत हा समज प्राणघातक ठरू शकतो. हवेतले मीठ, दगडातून झिरपणारे क्षार, उष्णता आणि बोल्टवरचा ताण यांच्या एकत्र परिणामाने स्टीलच्या आत सूक्ष्म भेगा पडत जातात. बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि एके दिवशी नुसत्या शरीराच्या भाराने तुटतो. थायलंडमध्ये असे बोल्ट तुटले, तेव्हा तिथल्या क्लायंबरांनी ‘थायटेनियम प्रोजेक्ट’ या नावाने जुने मार्ग टायटेनियमच्या, दगडात डिंकासारख्या रसायनाने चिकटवलेल्या बोल्टनी पुन्हा सज्ज करायला घेतले. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघानेही (यूआयएए) या भेगांबद्दल इशारे दिले आहेत.

तुम्ही करायचे ते असे. टायटेनियमचा चिकटवलेला बोल्ट मळकट करडा असतो. भिंतीतून त्याचे फक्त गोल कडे बाहेर आलेले असते, नट किंवा वेगळी पट्टी नसते. नट आणि पट्टी असलेला, गंजाचे तपकिरी ओघळ असलेला किंवा हाताने हलणारा बोल्ट दिसला तर त्या मार्गावर जाऊ नका. भोकांतून ओवलेले जुने, उन्हाने विटलेले दोर आणि पट्टे यांच्यावर भार देऊ नका. ताज्या मार्गपुस्तिकेत आणि स्थानिक स्कूलमध्ये विचारा: हा मार्ग टायटेनियमचा आहे का? खाली उतरताना एकाच बोल्टवर कधीही विसंबू नका. आणि परतण्यापूर्वी तिथल्या बोल्ट बदलण्याच्या कामाला थोडी देणगी द्या. ज्या बोल्टवर तुम्ही लटकता तो कुणीतरी स्वतःच्या खर्चाने आणि घामाने बसवलेला असतो.

पाठीवरचे ओझे

दोघांच्या चढाईच्या साहित्याचे वजन आधीच मोजा. सत्तर मीटरची साधारण पावणेदहा मिलिमीटर जाडीची दोरी चार किलोंहून थोडी जास्त भरते. चौदा क्विकड्रॉ दीड किलोच्या आसपास. दोन हार्नेस, दोन जोडे, दोन हेल्मेट, उपकरण, कॅराबिनर आणि स्लिंग धरून एकूण नऊ किलोंच्या घरात जाते. विमानात ते सगळे चेक-इन सामानात ठेवा, पॉवर बँक मात्र जवळच्या पिशवीत. दोरी एकाकडे, धातूचे साहित्य दुसऱ्याकडे, अशी वाटणी करा. प्रत्येकाचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. चाळीस ते पन्नास लिटरची सॅक पुरते. कपडे थोडे, चटकन सुकणारे. बायकांनी बायकांच्या मापाचाच हार्नेस घ्यावा आणि पाळीचे साहित्य घरून न्यावे.

हार्नेस, दोरी आणि कॅराबिनरवर सीई किंवा यूआयएए असा शिक्का असल्याशिवाय घेऊ नका. कुणाची वापरलेली दोरी स्वस्तात मिळते म्हणून कधीच घेऊ नका. तिने किती धक्के खाल्ले ते तिच्याकडे बघून कळत नाही. वाळू दोरीत शिरली तर धागे आतून कापते, म्हणून खाली ताडपत्री अंथरा. संध्याकाळी धातूचे साहित्य गोड्या पाण्यात धुवा. खारी दोरी गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. ओली दोरी पडण्याचा धक्का कमी सोसते, हे ध्यानात ठेवून ती सुकेपर्यंत लीड करू नका.

ऊन, पाणी, दुखणे

मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या विदर्भातल्या माणसाला तिथले बत्तीस अंश किरकोळ वाटतात आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून अंग गार होते. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, उष्णता आत साठते. पहिले तीन दिवस निम्म्याच ताकदीने चढा. मीठ-साखर-पाण्याचे घोट किंवा ओआरएस तहान लागण्याआधी घ्या. डोके दुखू लागले किंवा मळमळले की चढाई थांबवून सावलीत बसा आणि पाण्याने अंग पुसत राहा. बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच थेट दवाखाना. भिंत सकाळी सावलीत की दुपारी, ते पाहून दिवस आखा.

भरतीचे वेळापत्रक रोज बघा. टोन्साय आणि रेले यांच्यामधली किनाऱ्याची वाट ओहोटीतच मोकळी असते. भरतीत दगडांवरून धडपडण्यापेक्षा जंगलातली वाट घ्या किंवा पाणी उतरू द्या.

दुखण्यांची मोजकी यादी. डेंग्यूचा संशय असेल तर तापावर फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही. विषारी जेलीफिश डसली तर चोळू नका, व्हिनेगर ओता आणि दवाखाना गाठा. माकडे पिशव्या पळवतात, त्यांना खाऊ दाखवू नका. माकड चावले किंवा ओरखडले तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. थायलंडमध्ये वैद्यकीय मदतीसाठी 1669 आणि पर्यटक पोलिसांसाठी 1155. हे दोन्ही आकडे दोघांच्याही फोनमध्ये हवेत. गर्भ राहिला असेल किंवा शक्यता असेल तर डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा, आणि लीड तर नाहीच.

शाकाहारी जोडप्यांना अन्नाची चिंता असते. थाई जेवणात माशांचा रस सर्रास घालतात. ‘जे’ असे सांगितले तर मांस, मासे, अंडे आणि दूध वगळून मिळते. सोबत सातूचे पीठ, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट ठेवले तर भिंतीखालची दुपारही निभते.

कागद, विमा, घरची माणसे

पासपोर्ट नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयामार्फत होतो. दोघांचे अर्ज एकाच दिवशी करा. थायलंडसाठी प्रवेशाचे नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन पत्र पोहोचण्याआधी भरणे सक्तीचे आहे. मुंबई किंवा दिल्लीहून फुकेतला थेट विमाने आहेत, तिथून क्राबी बसने तीन-एक तास.

विमा घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: दोरी लावून केलेले प्रस्तरारोहण यात धरले आहे का? साध्या प्रवास विम्यात ते बहुधा वगळलेले असते. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसल्यास अपघाताची भरपाई नाकारली जाऊ शकते, हेही पाहा. पैसे, पासपोर्टच्या प्रती, विम्याचे कागद दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळे ठेवा. एक पिशवी गेली तरी दोघे परत येऊ शकले पाहिजेत.

घरच्यांना अंधारात ठेवू नका. सासू-सासरे, आई-वडील घाबरतात ते प्रेमापोटी. निघण्यापूर्वी त्यांना एखाद्या रविवारी सरावाला सोबत न्या, गाठ कशी मारतात, दोरी कशी धरतात ते दाखवा. कागदावर मुक्कामांची नावे, तारखा, दूरध्वनी आणि विम्याचा क्रमांक लिहून द्या. रोज रात्री फोन करण्याची वेळ ठरवा आणि ती पाळा. ‘सून कड्यावर कशाला?’ असा प्रश्न आला तर नवऱ्याने उत्तर द्यावे, आणि ते उत्तर असे असावे: माझा जीव तिच्या हातातल्या दोरीवर असतो, म्हणून तिला माझ्याइतकेच यायला हवे.

तिकीट काढण्याच्या आदल्या रात्री दोघांनी समोरासमोर बसून दोन प्रश्नांची उत्तरे द्या. मी अर्ध्या भिंतीवर जखमी होऊन लटकलो किंवा लटकले, तर तू मला एकटी किंवा एकटा खाली आणू शकशील का? आणि मी ‘आज नको’ म्हटले, तर तू न रागावता मागे फिरशील का? दोन्ही प्रश्नांना दोघांचेही उत्तर ‘हो’ असेल तर तिकीट काढा. एकाचेही ‘नाही’ असेल तर आणखी एक हिवाळा सरावाला द्या आणि पुढच्या वर्षी हेच प्रश्न पुन्हा विचारा.